लाकडी की पोलादी? रोलर कोस्टरचा खर्च नेमका कुठे बसतो

चढउतार
रोलर कोस्टरच्या खर्चाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "लाकडी स्वस्तात उभा राहतो आणि मग जन्मभर खात बसतो." आणि "पोलादी महाग, पण एकदा उभा केला की बघायला नको." मला दोन्ही अर्धवट वाटतात.

उदाहरण एकाच पार्कचं घेऊ, म्हणजे तुलना बरी होईल. अमेरिकेतल्या हॉलिडे वर्ल्डने २००६ मध्ये 'व्हॉयेज' हा लाकडी कोस्टर उभारला. लांबी ६,४४२ फूट, खर्च एक कोटी डॉलरच्या आत. त्याच पार्कने २०१५ मध्ये 'थंडरबर्ड' हा पोलादी कोस्टर आणला. लांबी व्हॉयेजच्या निम्म्याहून कमी, खर्च २.२ कोटी डॉलर. मधली नऊ वर्षांची महागाई धरली तरी तफावत मोठी आहे. मग सगळी पार्कं लाकडीच का बांधत नाहीत?

माझे प्रश्न दोन. पहिला, साधारण ३०-३५ मीटर उंच आणि हजारेक मीटर लांब कोस्टर धरला आणि तीस वर्षांचा हिशेब मांडला, तर कोणता स्वस्त पडतो? दुसरा, नवे निखळ लाकडी कोस्टर आणखी वीस वर्षांनी कुणी बांधत असेल का?

नटबोल्ट
आधी व्याख्या ठरवून घ्या, नाहीतर शंभर प्रतिसाद त्यातच जातील. कोस्टर लाकडी की पोलादी हे रुळावरून ठरतं, सांगाड्यावरून नाही. कोनी आयलंडच्या १९२७ च्या 'सायक्लोन'चा सांगाडा पोलादी आहे, रूळ लाकडी, म्हणून तो लाकडी कोस्टर. सीडर पॉइंट पार्कच्या १९७८ च्या 'जेमिनाय'चा सांगाडा लाकडी, रूळ पोलादी नळ्यांचा, म्हणून तो पोलादी. तुमच्या व्हॉयेजचा सांगाडाही पोलादीच आहे.

उगाच_विचारतो
म्हणजे चाकं थेट लाकडावर धावतात? झिजून भुसा होत नाही?

सातवा_थर
थेट लाकडावर नाही. रूळ कसा रचलेला असतो ते सांगतो, पुढचा खर्चाचा सगळा मामला त्यातूनच निघतो.

प्रत्येक बाजूचा रूळ म्हणजे फळ्यांची चळत. सहसा सात ते नऊ थर, प्रत्येक फळी सुमारे ३८ मिलिमीटर जाड. आठ थर धरले तर चळतीची उंची तीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फूटभर. खालच्या फळ्या अरुंद, वरच्या दोन रुंद. या रुंद फळ्या आतल्या बाजूला छज्जासारख्या पुढे आलेल्या असतात. वरच्या पृष्ठावर चार-पाच इंच रुंद पोलादी पट्टी बोल्टने बसवतात, तिच्यावर भार घेणारं चाक धावतं. छज्जाच्या कडेला दुसरी पट्टी, तिथे बाजूचं चाक टेकतं. छज्जाच्या खाली तिसरी, तिथे गाडीला उचलू न देणारं चाक, ज्याला अपस्टॉप म्हणतात. ही खालच्या चाकाची युक्ती जॉन मिलरची, १९१९ च्या पेटंटची. त्याआधी गाडी रुळावर फक्त वजनाने बसलेली असायची, त्यामुळे टेकड्या बेताच्याच ठेवाव्या लागत.

चळत ज्या आडव्या लाकडांवर बसते त्यांना लेजर म्हणतात आणि लेजर उभ्या चौकटींवर, म्हणजे बेंटवर. भुसा होत नाही, पण फळ्या दबतात, खिळे ढिले होतात, बोल्टची भोकं मोठी होतात. आजार इथे सुरू होतो.

पाचर
सातवा_थर यांनी पाया घातलाच आहे, मी खड्ड्यांबद्दल लिहितो. लाकडी रूळ सगळीकडे सारखा झिजत नाही. उताराच्या तळाशी गाडीचं वजन काही क्षण तीन-साडेतीन पट होतं. तिथे वरच्या फळ्या दबून बारीकसा खोलगट भाग तयार होतो. पुढची गाडी त्या खोलगट जागेत आपटते, त्यामुळे तो आणखी खोल होतो, आणि आपटून उसळलेलं चाक काही फुटांवर पुन्हा आदळतं, तिथे दुसरा खड्डा. वेळीच हात घातला नाही तर खड्ड्यांची माळ लागते. वळणावर आजार वेगळा. बाजूचा धक्का बसून दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, वाढतं आणि गाडी डावी-उजवी हापटत जाते. लोकांना वाटतं की लाकडी कोस्टर म्हणजे हाडं खिळखिळी होणारच. ती हाडं गेजने खिळखिळी केलेली असतात, लाकडाने नव्हे.

पहिला उपाय पाचरीचा. लेजर आणि चळतीच्या मध्ये पाचर सारून पातळी आणायची. एखाद-दोन हंगाम निभतात. मग रूळ बदलणं आलंच. त्याचा क्रम असा. तिन्ही पट्ट्या सोडवायच्या, झिजलेल्या नसतील तर त्याच परत वापरायच्या. चळत कापताना सरळ एका रेषेत कापून चालत नाही, प्रत्येक थराचा सांधा वेगळ्या ठिकाणी यायला हवा, म्हणून पायऱ्या-पायऱ्यांनी उकलत जायचं. चळत निघाली की लेजर उघडा पडतो, त्याची खिळ्यांची भोकं आणि कुज तपासायची. लेजर वाईट असेल आणि तसाच ठेवला तर वरचं नवं काम वर्षभरात बसतं. मग एकेक फळी वाकवून खिळ्यांनी ठोकायची, आरपार बोल्टची भोकं पाडायची, कापलेल्या टोकांना आणि भोकांना संरक्षक द्रव लावायचा, कारण कारखान्यात दाबाने भरलेलं संरक्षक रसायन गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं आणि कापलं की कोरं लाकूड उघडं पडतं. वरचा पृष्ठभाग रंधायचा, गेजपट्टी लावून अंतर बघायचं, पट्ट्या बसवायच्या. मग भार भरलेल्या रिकाम्या गाड्या सोडायच्या. नवं लाकूड पहिले काही आठवडे बसत जातं, त्यामुळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. हे शेवटचं विसरलं तर हंगामाच्या मध्यालाच खडखड सुरू.

किती लाकूड लागतं? तोंडी हिशेब. तीनशे फुटांचा तुकडा, दोन रूळ, आठ थर. ३०० × २ × ८ = ४,८०० फूट फळी. सांध्यांची आणि कापाकापीची नासाडी वेगळी.

पोलादराव
"भार भरलेल्या रिकाम्या गाड्या" हे आवडलं.

पाचर
माणसांविना, पाणी भरलेले पुतळे बसवलेल्या. :) संपादनाची मुदत संपली, राहू दे तसंच.

चढउतार
पाचर, दंडवत. या गणिताला एक खरा आकडा जोडतो. अमेरिकेतल्या किंग्ज आयलंड पार्कचा 'बीस्ट' १९७९ चा, सात हजार फुटांच्या वर लांबी, आजही लाकडी कोस्टरांत सगळ्यात लांब. २०२२ च्या हंगामाआधी त्याचा दोन हजार फुटांहून जास्त रूळ ग्रॅव्हिटी ग्रुप या लाकडी कोस्टरवाल्या कंपनीने नव्याने केला आणि पहिला उतार ४५ अंशांवरून ५३ वर नेला. तुमचे आठ थर धरले तर ३२,००० फूट फळी, म्हणजे पावणेदहा किलोमीटर!

पोलादराव
आणि हे करूनही बाकीचा पाच हजार फूट रूळ जुनाच. त्याची पाळी पुढे येणार. तो संपेपर्यंत पहिला पुन्हा खराब. गोधडीला ठिगळं लावत जाण्यासारखं आहे हे.

पोलादी रुळाची गोष्टच वेगळी. नळ्या कारखान्यात वाकवलेल्या, जोडलेल्या. जागेवर येऊन फ्लँज (टोकाची जोडकडा) जुळवायची, बोल्ट ठरल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळायचे. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या 'मॅटरहॉर्न'ने नळीचा रूळ आणला आणि त्याच दिवशी सुताराचं काम संपलं म्हणायचं. उलटं फिरणं, उभा उतार, लाँच (साखळीने न ओढता गाडी एकदम वेगात सोडणं), सगळं पोलादात निमूट होतं. रोज सकाळी हातोडा घेऊन किलोमीटरभर रूळ चालत जाऊन वर आलेले खिळे ठोकत बसावं लागत नाही.

नटबोल्ट
पोलादी रूळही रोज तपासतातच की. हातोडा नसतो इतकंच.

गंजका_खिळा
पोलादराव, "बघायला नको" या वाक्यावर माझा आक्षेप आहे. युनिव्हर्सलचा 'इन्क्रेडिबल हल्क' १९९९ चा. २०१५ च्या सप्टेंबरात बंद केला, सगळा रूळ नवा करून २०१६ च्या ऑगस्टमध्ये उघडला. सोळा वर्षं फक्त! ब्रिटनमधल्या अल्टन टॉवर्सचा 'नेमेसिस' १९९४ चा. २०२२ च्या अखेरीला बंद, रूळ आणि बहुतेक खांब बदलून २०२४ मध्ये परत. अठ्ठावीस वर्षं. ठिगळ लावायची सोय नाही म्हणून अख्खी गोधडीच नवी शिवली.

कारण थकवा. पोलाद वाकून वाकून थकतं. प्रत्येक फेरीत रुळाच्या त्याच सांध्यावर त्याच दिशेने ताण येतो. तासाला चाळीस गाड्या, दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका जोडावरून वर्षाला एक लाख वीस हजार गाड्या. वीस वर्षांत चोवीस लाख. आणि प्रत्येक गाडीचे डबे वेगवेगळे मोजले तर आकडा कोटीच्या पुढे जातो. दोष बहुधा वेल्डिंगच्या कडेला सुरू होतो, कारण तिथे आकार अचानक बदलतो आणि ताण एकवटतो. तडा केसाएवढा असताना रंगाखाली दिसत नाही. म्हणून रंग खरवडून चुंबकीय कणांची तपासणी करतात. भाग चुंबकित करून लोखंडी कणांचा द्रव शिंपडायचा, तडा असेल तिथे कण रेघ धरून बसतात. मग तडा पूर्ण घासून काढायचा, निर्मात्याने लिहून दिलेल्या पद्धतीनेच पुन्हा वेल्डिंग, पुन्हा तपासणी, पुन्हा रंग.

२०२३ च्या जूनअखेरीस कॅरोविंड्स पार्कच्या 'फ्युरी ३२५'च्या खांबाला पडलेला तडा सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलाच आहे. तो एका पाहुण्याच्या नजरेस पडला होता. कोस्टर २०१५ चा, म्हणजे आठ वर्षांचा, बांधणी तीन कोटी डॉलरची. खांब बदलून ऑगस्टमध्ये सुरू झाला. लाकडी बेंटचा एक वासा तडकला असता तर आजूबाजूच्या वाशांनी भार उचलला असता आणि दोन सुतारांनी तो दुपारपर्यंत बदलला असता.

सातवा_थर
खिळा गंजका असला तरी टोक शाबूत आहे. :)

एक भर. लाकडी सांगाड्यात शेकडो छोटे मार्ग असतात भार खाली जाण्याचे. पोलादी कोस्टरला मोजके खांब. त्यामुळे पोलादात प्रत्येक खांबाला वजन जास्त, अर्थाचंही.

पोलादराव
दुपारपर्यंत बदलणारे ते दोन सुतार आणायचे कुठून, तेही सांगा. वाद तिथेच आहे. लाकूड कधीच महाग नव्हतं, हात महाग आहेत. वीस मजल्यांच्या उंचीवर बारा अंश कलत्या रुळावर उभं राहून फळी वाकवणारा माणूस तयार व्हायला काही हंगाम जातात. तो सोडून गेला की कागदावर काहीच उरत नाही, कारण रुळाचा नेमका आकार त्याच्या डोळ्यात असतो.

पाचर
हा मुद्दा सोळा आणे खरा. आणि म्हणूनच ग्रॅव्हिटी ग्रुपने आधीच कापून आणलेल्या फळ्यांची पद्धत काढली. फळी आडवी असताना वर-खाली सहज वाकते, पण बाजूला वाकत नाही. वळणावर पूर्वी छोटे तुकडे जोडत जायचे किंवा जागेवर करवतीने गोलाई द्यायची. जितके तुकडे तितके सांधे, आणि सांधा म्हणजे खड्ड्याचं बी. आता संगणकावर वळण काढून यंत्राने तशीच वक्र फळी कापतात, क्रमांक टाकून पाठवतात. लांब फळ्या, कमी सांधे, आणि आकार डोळ्यात न राहता फाइलीत राहतो.

उगाच_विचारतो
मग अख्खा लाकडी रूळच कारखान्यात का बनवत नाहीत? पोलादासारखा तुकड्या-तुकड्यांनी आणायचा.

सातवा_थर
बनवला की! इंटामिन कंपनीने. जर्मनीतल्या हायडे पार्कचा 'कोलोसॉस' २००१, लिसेबेर्यचा 'बाल्डर' २००३, 'एल टोरो' २००६, एव्हरलँडचा 'टी एक्स्प्रेस' २००८. लाकडाचे पातळ थर सरसाने चिकटवून, यंत्राने आकार देऊन, तयार तुकडे जागेवर बोल्टने जोडायचे. चाकं पोलादी नव्हे, पॉलियुरेथेनची. चाल इतकी गुळगुळीत की डोळे मिटले तर पोलादी वाटावा. एल टोरोचा उतार ७६ अंश आहे, टी एक्स्प्रेसचा ७७. हाताने रचलेल्या रुळावर अशी अचूकता फार अवघड.

पण यात एक मेख आहे. साध्या चळतीत खराब थर काढून नवा ठोकता येतो. चिकटवलेल्या तुकड्यात तसं नाही, अख्खा तुकडा जातो, आणि तो बनवून आणावा लागतो. कोलोसॉस रुळाच्या झिजेमुळे २०१६ मध्ये बंद पडला तो नव्या रुळासह २०१९ मध्येच उघडला. लाकडाची झीज आणि पोलादाचं बिल, दोन्ही एकाच घरी.

शेपटीची_सीट
अवांतर: झिजेत रुळाइतकाच गाडीचाही हात असतो, त्यावर कुणी बोललं नाही. एका डब्यात तीन बाकं असतील तर दोन आसांमधलं अंतर मोठं, वळणावर चाक रुळाला तिरकं घासत जातं. दोन बाकांचा डबा बरा. 'मिलेनियम फ्लायर' गाडीत दोन माणसांचा एकेक छोटा डबा, प्रत्येकाला एकच आस आणि पुढच्या डब्याला सांधलेला. ती रुळावर गोमेसारखी वळते. 'टिंबरलायनर'मध्ये आस वळणाबरोबर स्वतः वळतात. जुन्या रुळावर नवी गाडी घातली तर रूळ बदलण्याचं अंतर वाढतं. लोक रुळावर पैसे ओतत राहतात आणि गाडी तीच जुनी जड ठेवतात. मग खड्डा त्याच जागी परत येतो आणि लाकडाला शिव्या.

ब्रेकमन
आयडीला जागतो. मेलबर्नच्या लूना पार्कमधली १९१२ ची 'सीनिक रेल्वे' आजही गाडीवर माणूस उभा करून चालते, तोच ब्रेक ओढतो. कोपनहेगनच्या तिवोलीतला १९१४ चा 'रुत्शेबानेन'ही तसाच. म्हणजे शंभरी गाठलेला पोलादी कोस्टर अजून कुणी पाहिलेला नाही, लाकडी मात्र आहेत. अल्टूनाचा 'लीप द डिप्स' तर १९०२ चा.

पोलादराव
नळीचा पोलादी कोस्टरच १९५९ चा, तो शंभरी कशी गाठणार? काय पण युक्तिवाद!

ब्रेकमन
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

नटबोल्ट
शिवाय त्या १९०२ च्या कोस्टरमध्ये १९०२ ची किती लाकडं उरली असतील हा प्रश्न आहेच. लाकडी कोस्टर टिकत नाही, तो पुन्हापुन्हा बांधला जातो. फक्त एकदम नव्हे, थोडा थोडा. चढउतार यांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. लाकडी कोस्टर दरवर्षी हप्ता घेतो. पोलादी वीस-तीस वर्षं गप्प बसतो आणि मग एकरकमी मागतो.

गंजका_खिळा
गप्प म्हणजे अगदीच गप्प नाही. रंग, चाकं, तपासणी, सुटे भाग. पॉलियुरेथेनचा थर उन्हाळ्यात तापून चाकावरून सुटतो. थंडीत तेच चाक कडक होऊन गाडीचा वेग पाडतं आणि गाडी दरीत अडकते. मग क्रेन आणा. पण हप्ता लहान, हे मान्य.

चढउतार
आता त्या मधल्या वाटेवर या ना कुणीतरी. जुना लाकडी सांगाडा, वर पोलादी रूळ.

सातवा_थर
येतो. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने २०११ मध्ये 'टेक्सास जायंट'वर हे पहिल्यांदा केलं. मूळ कोस्टर १९९० चा, ५५ लाख डॉलरचा. रूपांतराला एक कोटी डॉलर लागले. म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट, तरी त्याच तोडीचा नवा पोलादी कोस्टर त्या पैशांत येत नव्हता.

त्यांचा 'आय-बॉक्स' रूळ नळीचा नाही. सपाट पोलादी पत्रे संगणकी यंत्राने वक्र कापायचे आणि इंग्रजी आय अक्षरासारखे जोडायचे. नळी वाकवण्याची भानगड नाही, पत्रा कापतानाच वळण येतं. मग तीच चळतीची जागा, तेच लेजर, वर पोलाद. त्यात उलटं फिरणंही जमतं. सीडर पॉइंटचा 'मीन स्ट्रीक' १९९१ मध्ये ७५ लाख डॉलरना बांधलेला, १६१ फुटांचा. २०१८ मध्ये तो 'स्टील व्हेंजन्स' झाला, २०५ फूट, ९० अंशांचा उतार, चार उलट्या फेऱ्या.

दुसरा प्रकार 'टॉपर ट्रॅक'. खालची चळत लाकडीच, वरच्या दोन थरांच्या जागी पोलाद. २०१३ चा 'आउटलॉ रन' तसा, एक कोटी डॉलरचा, तीन उलट्या फेऱ्यांसह.

पोलादराव
आणि डॉलीवूडचा 'लाइटनिंग रॉड'? २.२ कोटी डॉलर, २०१६, टॉपर ट्रॅक आणि वर लाँच. २०२१ पर्यंत निम्म्याहून जास्त रूळ आय-बॉक्सने बदलावा लागला आणि २०२४ मध्ये लाँच काढून साखळी घातली. खालची लाकडी चळत त्या वेगाला टिकली नाही, हे त्यांनीच कबूल केल्यासारखं झालं.

पाचर
त्या वेगाला म्हणालात ते महत्त्वाचं. लाकडाला उंचीची आणि वेगाची हद्द आहे, ती ओलांडली की देखभाल सरळ रेषेत वाढत नाही. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, आणि ती ऊर्जा खड्ड्यात आपटते. 'सन ऑफ बीस्ट'चं तेच झालं. २०००, २१८ फूट, दोन कोटी डॉलर, त्यात लूपही. २००६ च्या जुलैमध्ये रुळाखालच्या लाकडाच्या बिघाडाने धक्का बसून २७ जण जखमी. लूप काढला, गाड्या बदलल्या, २००९ मध्ये कायमचा बंद, २०१२ मध्ये पाडला. लाकडी कोस्टर दोनशे फुटांच्या वर नेण्याची हौस तिथे फिटली.

३०-३५ मीटरपर्यंत मात्र लाकूड आपल्या घरात असतं.

शेपटीची_सीट
रूपांतराबद्दल एक गैरसमज काढून टाका. "सांगाडा आयता मिळतो" असं म्हणतात. तपासणीत कुजलेले पायथे निघतात, नव्या आकाराला जुने बेंट उंच किंवा बुटके पडतात, उलट्या फेरीला तर नवंच बांधकाम. मोठी बचत पायांची आणि जागेची. खोदाई, काँक्रीट, पाण्याचा निचरा, परवानग्या, रांगेची इमारत, स्टेशन, हे सगळं जागेवर असतं. ज्याचे खांब काँक्रीटच्या वर पोलादी बुटावर उचलून बसवलेत तो सांगाडा वाचतो. ज्याचे मातीत किंवा काँक्रीटच्या खळग्यात रोवलेत, तिथे पाणी साचून पायथा आतून पोकळ झालेला असतो. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत जातो.

उगाच_विचारतो
पोलाद उन्हात वाढतं ना? त्याने सांधे उघडत नाहीत?

नटबोल्ट
वाढतं. शंभर मीटरला तीस अंशांच्या फरकाने सुमारे ३६ मिलिमीटर. खांब थोडे झुकून ते सामावतात, आराखड्यातच धरलेलं असतं. लाकूड लांबीला फारसं हलत नाही, पण जाडीला ओलाव्याने फुगतं-आकसतं. तीनशे मिलिमीटरची चळत एक टक्का आकसली तरी तीन मिलिमीटर गेले, म्हणजे आवळलेला बोल्ट ढिला. पावसानंतरच्या कोरड्या आठवड्यात बोल्टांची फेरी वाढवावी लागते ती याच कारणाने.

ब्रेकमन
आवाजाचंही कुणीतरी लिहा. लाकडाचा खडखडाट म्हणून शेजारी तक्रार करतात, पण पोकळ पोलादी पेटीच्या रुळाची डरकाळी जास्त लांब जाते. ती दाबायला पेटीत वाळू भरतात.

पोलादराव
सहमत, चक्क. :)

भविष्याबद्दल मात्र ठाम आहे. लाकडाची स्वस्ताई संपली. २०१७ चा 'मिस्टिक टिंबर्स' दीड कोटी डॉलर. अल्टन टॉवर्सचा 'विकर मॅन' २०१८, १.६ कोटी पौंड, आणि तो ब्रिटनमधला १९९६ नंतरचा पहिला नवा लाकडी कोस्टर. बावीस वर्षांत एक. बांधणारेही मोजके. कस्टम कोस्टर्स इंटरनॅशनल २००२ मध्ये बंद पडली, तिच्याआधी डिन ही कंपनी.

पाचर
आणि तिथली माणसं पुढे ग्रॅव्हिटी ग्रुपमध्ये गेली, तेही लिहा. धंदा बुडाला, कसब नाही.

मला वाटतं पुढे निखळ लाकडी नि निखळ पोलादी हा भेदच पुसट होईल. ग्रेट कोस्टर्स कंपनीचा 'टायटन ट्रॅक' आणि रॉकी माउंटनचा '२०८ रीट्रॅक' पाहा. कोस्टरचा आकार बदलायचा नाही, उलट्या फेऱ्या नाहीत, गाडी तीच. फक्त जिथे खड्डा परत परत पडतो त्या दरीतला दीडदोनशे फूट लाकडी रूळ काढून त्याच लेजरवर पोलादी बसवायचा. बाकी लाकूड तसंच. सुताराचा निम्मा वेळ ज्या दहा टक्के रुळावर जातो तेवढाच बदलायचा. जोडाच्या जागी काळजी हवी. एका बाजूला दबणारं लाकूड, दुसऱ्या बाजूला न दबणारं पोलाद. वर्षभरात तिथे पायरी तयार होते, म्हणून जोड सरळ, कमी ताणाच्या भागात घ्यायचा, दरीच्या तोंडाशी नाही.

काही ठिकाणी पाइनऐवजी दक्षिण अमेरिकेतलं इपे लाकूड घालतात. फार टणक, टिकतं जास्त. पण खिळा आत जात नाही, प्रत्येक भोक आधी पाडावं लागतं, करवतीची पाती झपाट्याने बोथटतात. मजुरी वाढते. पुन्हा तेच, हात.

नटबोल्ट
मग तो कोस्टर लाकडी म्हणायचा की पोलादी? माझी व्याख्या गेली खड्ड्यात.

सातवा_थर
पाचर सारा.

चढउतार
सगळ्यांचं वाचून पहिल्या प्रश्नाचं गणित असं मांडतोय, चुकत असेल तर सांगा. ३०-३५ मीटर, हजार मीटर, म्हणजे साधारण ३,३०० फूट. लाकडी घेतला तर बांधणी कमी. दरवर्षी रुळाचा दहावा भाग बदलायचा धरला तर ३३० फूट, पाचर यांच्या हिशेबाने पाच हजार फुटांवर फळी आणि दोन-तीन महिने एक टोळी. दहा वर्षांत एक फेरा, तीस वर्षांत तीन. पोलादी घेतला तर बांधणी जास्त, तपासणी-रंग-चाकं दरवर्षी, आणि पंचविसाव्या वर्षाच्या आसपास मोठी रक्कम बाजूला काढून ठेवायची.

गंजका_खिळा
मांडणी बरोबर. दोन गोष्टी घाला. एक, पार्क हिवाळ्यात बंद असतं का? असेल तर ती टोळी बंद काळात काम करते आणि तिकिटाचा एक दिवसही बुडत नाही. बारमाही पार्कात रूळ बदलायला कोस्टर बंद ठेवावा लागतो, ते नुकसान फळ्यांच्या किमतीहून मोठं. बारमाही असेल तर मी स्वतः पोलादी म्हणेन. आयडी बदलून.

दोन, तासाला माणसं किती. लाकडीची गाडी बहुधा २४ जणांची. दीड मिनिटाला एक सोडली तर तासाला ९६०. बत्तीस जणांची पोलादी गाडी त्याच वेगाने सुटली तर १,२८०.

पाचर
दहावा भाग सरसकट धरू नका. दऱ्या आणि वळणं तीन-चार वर्षांत येतात, टेकड्यांचे माथे आणि साखळीचा चढ वीस-वीस वर्षं हात लावू देत नाहीत. चढावर गाडी रांगते, तिथे झीज कसली? रुळाचा नकाशा घेऊन भाग पाडा आणि प्रत्येकाला वेगळं आयुष्य लावा. पहिली दरी आणि तिच्यापुढचं वळण हे दोनच भाग तुमचं निम्मं बजेट खातील. तेवढ्यावर सुरुवातीलाच पोलादी रूळ घातला तर काय होतं, तेही एकदा मांडून बघा.

शेपटीची_सीट
आणि सुट्या फळ्या वर्षभर आधी आणून छपराखाली वाळवायच्या. ओली फळी ठोकली तर पुढच्या उन्हाळ्यात आकसून सगळे बोल्ट ढिले. गोदामाचं भाडं धरलंत का?

चढउतार
नाही धरलं. तक्ता नव्याने करतो, भाग पाडून. रविवारपर्यंत इथेच टाकतो.

उगाच_विचारतो
ब्रेकमनचा पगारही धरा.